पडद्यावरचा शंकरपट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या वऱ्हाडात चाकाचा इतिहास सांगायचा तर त्याची सुरुवात चिखलापासून करावी लागते. इथली जमीन काळी, कसदार आणि पाणी धरून ठेवणारी. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की ती लोण्यासारखी मऊ होते आणि चाकाला अशी चिकटते की चाक कुठले आणि माती कुठली हे कळेनासे होते. या चिखलाला आम्ही गारा म्हणतो. शेताकडे जाणारी वाट म्हणजे पांदण, आणि पावसाळ्यातली पांदण म्हणजे गारा. कापसासाठी जगात नाव झालेल्या या मुलुखातून रेल्वे येण्यापूर्वी कापूस बाहेर जाई तो बरेचदा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, पार मिर्झापूरपर्यंत. चाकाने जिथे हात टेकले तिथे बैलाच्या पाठीने काम केले. १८७० साली जलंब ते खामगाव अशी रेल्वेची शाखा निघाली आणि खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. पण शेतापासून खामगावपर्यंतचे अंतर राहिलेच. ते बैलगाडीनेच कापायचे होते.

हे सगळे सांगून मी आज ज्या विषयाकडे वळणार आहे तो ऐकून काही श्रोत्यांना हसू येईल. विषय आहे मॉन्स्टर ट्रकच्या शर्यतीचे संगणकावरचे खेळ. माणसाच्या खांद्याएवढी चाके लावलेली गाडी, मातीचे उंचवटे, उड्या, पलट्या आणि भोंग्यावरून ओरडणारा निवेदक, असे त्या खेळाचे साधारण रूप. बुलडाण्यात मी १९९८ पासून संगणकाचा वर्ग चालवतो. या काळात पोरांच्या हातून शेकडो खेळ आले आणि गेले. आज एखादा खेळ डोक्यावर घ्यावा आणि सहा महिन्यांनी त्याचे नावही आठवू नये, असे कितीदा तरी झाले. या मोठ्या चाकांच्या गाड्या मात्र गेल्या नाहीत. संगणकावरून त्या मोबाइलवर आल्या, बापाकडून मुलाकडे आल्या. असे का झाले असावे, याचा मी बरीच वर्षे विचार करतो आहे.

आधी त्या गाडीची मूळ हकीकत सांगतो, कारण ती शेतातूनच निघालेली आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराजवळ बॉब चँडलर नावाचे गृहस्थ चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवत. त्यांच्याकडे फोर्ड कंपनीची एफ-२५० ही मालवाहू गाडी होती. १९७५ च्या सुमारास त्यांनी तिच्यात फेरफार सुरू केले. गाडी दामटताना ते इतका पाय दाबत की दर थोड्या दिवसांनी काहीतरी मोडे. त्यावरून दुकानातल्या माणसाने त्यांना ‘बिगफूट’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव गाडीला पडले. जे मोडेल ते आधीपेक्षा मजबूत बसवायचे, मजबूत बसवले की आणखी मोठे चाक लावायचे, मोठे चाक लावले की पुन्हा काहीतरी मोडायचे. अशी ती गाडी वाढत गेली. १९८१ साली चँडलर यांनी एका शेतात दोन भंगार मोटारी शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि त्यांवरून आपली गाडी नेऊन त्याची व्हिडिओ फीत काढली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायची, एवढाच हेतू होता. ती फीत पाहून एका कार्यक्रमवाल्याने तोच प्रकार लोकांसमोर करायला त्यांना गळ घातली, आणि मैदाने भरू लागली.

आता त्या चाकाविषयी. मॉन्स्टर ट्रकचे चाक म्हणून जे जगभर ओळखले जाते, ते ६६ इंच उंचीचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. हा टायर शर्यतीसाठी कोणी घडवलेला नव्हता. तिकडच्या ओल्या शेतांत खत पसरणारी अवजड यंत्रे असतात. ती जमिनीत रुतू नयेत म्हणून त्यांना रुंद, कमी हवेचे, फुगीर टायर लावतात. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरले की चाक मातीत शिरत नाही, वरून तरंगल्यासारखे जाते. तोच टायर उचलून चँडलर यांनी आपल्या गाडीला लावला. म्हणजे ज्या चाकापुढे आज लाखो मुले बटणे बडवतात, ते मुळात चिखलात खत टाकणाऱ्या यंत्राचे चाक आहे. दुसरी प्रसिद्ध गाडी ‘ग्रेव्ह डिगर’. तिचे कर्ते डेनिस अँडरसन हे तर चिखलातल्या शर्यतींमधूनच पुढे आले. चिखलाने भरलेल्या खड्ड्यातून कोणाची गाडी किती लांब जाते, हीच तिथली स्पर्धा. आपल्याकडे त्याला कोणी स्पर्धा म्हटले नसते. जुलै महिना म्हटले असते.

या गाड्यांवरचे संगणक-खेळ १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून निघू लागले होते, पण आपल्या भागात जो पोचला आणि रुजला तो १९९६ सालचा ‘मॉन्स्टर ट्रक मॅडनेस’. टेक्सासमधल्या टर्मिनल रिअॅलिटी या छोट्या कंपनीने तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. बिगफूट, ग्रेव्ह डिगर धरून बारा खऱ्याखुऱ्या गाड्या त्यात होत्या, आणि खऱ्या मैदानांवर बोलणारे आर्मी आर्मस्ट्राँग हेच त्यात निवेदक होते. १९९८ साली त्याचा दुसरा भाग आला. आपल्याकडे हे खेळ दुकानातून विकत घेतलेले मी तरी कोणाला पाहिले नाही. ‘चिप’ आणि पुढे ‘डिजिट’ या मासिकांबरोबर तबकड्या येत, त्यांत खेळांचे नमुने असत. नागपूरहून कोणी एका तबकडीवर दहा खेळ भरून आणी. २००२ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांत संगणकाचे वर्ग निघाले. मेहकर, चिखली, मलकापूर, नांदुरा, जिथे जावे तिथे पाटीवर अभ्यासक्रमाचे नाव आणि आत, शिक्षक जेवायला गेले की, मॉन्स्टर ट्रक.

त्या वेळी खेळांची काही कमी नव्हती. मोटारसायकलवरून शेजारच्याला लाथ मारून पाडायचा ‘रोड रॅश’ होता, गुळगुळीत रस्त्यांवर महागड्या मोटारी पळवायचा ‘नीड फॉर स्पीड’ होता. ते खेळही पोरे खेळत. पण त्यांतले रस्ते परक्या मुलुखाचे होते. समुद्राकाठचा चौपदरी मार्ग आणि त्यावर सणसणत जाणारी लाल मोटार हे मोताळा तालुक्यातल्या पोराला सिनेमासारखे वाटे. बघावे आणि सोडून द्यावे. मॉन्स्टर ट्रकच्या खेळात मात्र माती होती. खड्डे होते, टेकाड होते, कडेला शेत होते, आणि मुख्य म्हणजे रस्ता सोडून गाडी कुठेही नेता येत होती. हे त्या काळी नवलाचे होते. बहुतेक शर्यतींच्या खेळांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना न दिसणारी भिंत असे. इथे तुम्ही शर्यत वाऱ्यावर सोडून टेकडीमागे काय आहे ते पाहायला जाऊ शकत होता. माझ्या वर्गातली निम्मी पोरे शर्यत जिंकण्याच्या भानगडीत पडतच नसत. ती हिंडत. दुसऱ्या भागात ‘फार्म रोड २९’ नावाची एक धाव होती. फार्म रोड म्हणजे काय, असे एकाने विचारले. मी म्हटले, पांदण. त्यानंतर आमच्या वर्गात त्या धावेला कोणी दुसऱ्या नावाने ओळखले नाही.

घाटाखालच्या एका गावातला सातवीतला मुलगा होता. तो फारसा बोलत नसे. एक दिवस खेळता खेळता थांबून त्याने विचारले, “सर, हे गाडी आमच्या पांदनीतून निंघीन काय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या मुलाच्या घरचे शेत गावापासून दोन किलोमीटरवर. पावसाळ्यात तिथे गाडी जात नसे, ट्रॅक्टर जात नसे. बी-बियाणे, खताची पोती डोक्यावर न्यायची. पऱ्हाटी जाऊन सोयाबीन आले तसा हा प्रश्न आणखी बिकट झाला. कापूस दिवाळीनंतर वेचायचा, तोवर वाट वाळते. सोयाबीन मात्र परतीच्या पावसाच्या तोंडावर काढणीला येते. सोंगून गंजी लावलेली, वर आभाळ भरलेले आणि पांदणीत गुडघाभर गारा. मळणी यंत्र शेतात जाईना आणि माल बाहेर निघेना. अशा वेळी भिजलेल्या सोयाबीनला बाजारात काय भाव येतो, हे श्रोत्यांना मी सांगायला नको. पांदणीच्या कडेचे शेतकरी बांध कोरत कोरत वाट अरुंद करतात आणि मग त्यावरून भाऊबंदकी, पोलीस, तहसील हेही आलेच. शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्र्यांच्या नावाने आणि २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ या नावाने शेत-पाणंद रस्त्यांच्या योजना काढल्या, त्या उगाच नव्हेत. तेव्हा त्या मुलाला मी खरे उत्तर दिले. म्हटले, निघेल, कारण तिचे टायर अशाच शेतासाठी केलेले आहेत. तो मान डोलवून पुन्हा खेळू लागला.

या खेळाच्या आकर्षणाचे कारण वेग असे सांगणारे लोक तो कधी खेळलेले नसावेत. या गाड्या तशा धिम्या असतात. पाच टनांचे धूड ते, वळायला वेळ घेते, चढावर कण्हते, उतारावर आवरत नाही. खरी गंमत वजनाची आहे. गाडी उंचवट्यावर चढली की तिचे अंग मागे कलते, उडी घेऊन पडली की चाके आधी दबतात, मग पुन्हा वर फेकतात, आणि त्या दुसऱ्या हिसक्याला सावरता आले नाही तर गाडी उताणी. ज्याने भरलेली बैलगाडी नाल्यातून काढली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाल्याच्या उतारावर धुरेवर बसायचे की मागे जायचे, ओझे बैलांच्या मानेवर येऊ द्यायचे की उलार होऊ द्यायचे, हे आमच्या वडिलांच्या पिढीला अंगाने कळत होते. उलार हा शब्दसुद्धा आता शहरात कोणाला माहीत नसावा. पडद्यावरच्या गाडीत पोरे नेमके तेच शिकत होती.

आणि गाडी उलटली तर? या खेळात एक सोय होती. एक कळ दाबली की आकाशातून हेलिकॉप्टर येई, गाडी उचली आणि पुन्हा वाटेवर सरळ ठेवी. दंड एवढाच की तेवढा वेळ वाया जाई. पोरांचा या हेलिकॉप्टरवर फार जीव. काही जण गाडी मुद्दाम दरीत टाकत, ते येताना पाहायला मिळावे म्हणून.

मला ते हेलिकॉप्टर आठवते ते २००६ सालाच्या संदर्भात. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आपला बुलडाणा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ते दिवस काळवंडलेले होते. वर्गात येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या गावात, कोणाच्या भावकीत अशी घटना घडलेली असे. त्यांना काही विचारायचे नाही, एवढे मी पाळत असे. त्यातच भारनियमन. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. वीज गेली की यूपीएसची शिटी सुरू होई आणि दहा मिनिटांत शर्यत पुरी करायची म्हणून चार संगणकांभोवती वीस पोरे लोटत. घरी कर्जाचा विषय, आणि इथे एका कळीसरशी पालथी गाडी सरळ. ही पळवाट होती असे कोणी म्हणेल, तर मी वाद घालणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला पळायला एखादी वाट असलेली बरी. आमच्याच गावचे एक आजोबा नातवाला न्यायला येत आणि मागे उभे राहून खेळ पाहत. बराच वेळ पाहून त्यांनी एकदा विचारले, “याच्यात तेल कोन टाकते, बापू?” नातू म्हणाला, तेल लागत नाही. आजोबा म्हणाले, “मंग बरोबर हाय.”

आता शंकरपटाकडे येतो, कारण माझ्या मते या खेळाचे आपल्याकडचे नाते तिथे आहे. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याला विदर्भात शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या जिल्ह्यातही घाटावर आणि घाटाखाली गावोगाव पट भरत. हलक्या छकड्याला निवडक जोडी जुंपायची, धुरकरी वर उभा, आणि सेकंदांवर निकाल. जोडीची नावे, तिचा खुराक, मागच्या पटात तिने किती सेकंद घेतले, हे सगळे शेतकऱ्यांना तोंडपाठ. मॉन्स्टर ट्रकच्या खेळातही गाड्यांना अशीच नावे आणि अंगावर अशीच चितारलेली रूपे असतात. ग्रेव्ह डिगर आणि बिगफूट यांच्यात कोणाची कोणती खोड, यावर पोरे तासन् तास वाद घालत तेव्हा मला पटाच्या मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर चालणारे वाद आठवत. पैसेवाल्याच्या जोडीला गरिबाची जोडी हरवते, हे पटातले सर्वांत आवडते कथानक. खेळातही पोरे मुद्दाम पडेल गाडी निवडत.

या पटावर पुढे संकट आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडीच्या शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे पट काही सुरू झाले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. म्हणजे मधली सात-साडेसात वर्षे पट बंद होते. या वादात मला दोन्ही बाजू समजतात. तुतारीच्या आरेने रक्ताळलेले पुठ्ठे मी लहानपणी पाहिले आहेत आणि ते पाहून मला कधी बरे वाटले नाही. उलट, पटाची जोडी घरच्या लेकरासारखी सांभाळणारे, स्वतः कोरडी भाकर खाऊन बैलांना पेंड घालणारे लोकही पाहिले आहेत. पट बंद झाल्यावर त्यातल्या कित्येकांनी जोड्या विकल्या. ट्रॅक्टर आधीच आले होते. पोळ्याला दारावर येणाऱ्या बैलांची रांग वर्षागणिक आखूड होत गेली होती, तिला बंदीने आणखी कात्री लावली.

याच सात वर्षांत पोरांच्या हातात मोबाइल आला. फिनलंडमधल्या औलू शहरातल्या टोनी फिंगरोस या तरुणाने २०१२ साली ‘हिल क्लाइंब रेसिंग’ हा साधासा खेळ काढला. दोनच कळा, एक तेल देण्याची आणि एक ब्रेकची. बाजूने दिसणारी टेकड्यांची वाट आणि त्यावरून हेलकावे खात जाणारी गाडी. मिळवलेल्या नाण्यांतून पुढे गाड्या घेता येतात, त्यांत मॉन्स्टर ट्रक आहेच. स्वस्तातल्या स्वस्त मोबाइलवर, इंटरनेट नसतानाही हा चालतो. त्यामुळे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येऊन डेटा स्वस्त होण्यापूर्वीच तो खेड्यापाड्यांत पोचला होता. एसटीत, रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, शेगावच्या दर्शनबारीत, कुठेही पाहावे तर कोणीतरी टेकडी चढतो आहे. आणि या खेळात तेल संपते. वाटेतला तेलाचा डबा हुकला की गाडी चढावर कण्हत थांबते आणि खेळ खलास. वर्गातल्या त्या आजोबांचा प्रश्न फिनलंडपर्यंत पोचला असावा असे मला तेव्हा वाटून गेले. उलटून डोके जमिनीला लागले तर गाडीवान मरतो. इथे हेलिकॉप्टर येत नाही.

पालकांची एक तक्रार मला नेहमी ऐकावी लागते, आणि ती रास्त आहे. पडद्यावर गाड्या आदळून आदळून पोरांची भीती चेपते, मग ती रस्त्यावर तशीच चालवतात. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली, त्यात २५ माणसे गेली. त्या दिवशी वर्गात कोणी खेळ लावला नाही. मी कोणाला सांगितले नव्हते. खेळामुळे अपघात होतात असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण वाहन चालवायचा परवाना काढायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एवढे विचारतो की हिल क्लाइंबमध्ये आजवर किती गडी मारलेस. आकडा सांगताना पोरे हसतात आणि मग जरा गप्प होतात.

या खेळांच्या इतिहासातला मला सर्वांत रस वाटणारा भाग शेवटी सांगतो. जुन्या खेळांत गाडी म्हणजे एक न वाकणारा ठोकळा असे. आपटली तर आवाज होई, चित्र बदले, पण अंग तेच राही. २००५ साली पियरे-मिशेल रिकोर्देल यांनी ‘रिग्ज ऑफ रॉड्स’ नावाची एक वेगळीच चीज काढली. त्यात गाडीचा सांगाडा म्हणजे असंख्य गाठी आणि त्या गाठींना जोडणाऱ्या काड्या. प्रत्येक काडी किती ताणली, किती दबली, हे संगणक सेकंदाला हजारो वेळा मोजतो. ताण मर्यादेपलीकडे गेला की काडी वाकते, आणखी गेला की तुटते. त्यामुळे गाडी खरीखुरी चेपते, चाक खरेखुरे निखळते. पुढे तो खेळ सर्वांसाठी खुला झाला, आणि त्यात रमलेल्या काही मंडळींनी जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये ‘बीमएनजी’ ही कंपनी काढून २०१३ साली त्याच तत्त्वावरचा नवा खेळ आणला. आज मॉन्स्टर ट्रकचे वेड असलेली जाणती पोरे याच दोन्हींकडे वळतात, कारण तिथे गाडी नुसती चालवता येत नाही, बांधताही येते.

हे तत्त्व मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा मला हसू फुटले. आम्ही लहानपणी ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो. धांड्याची साल सोलायची, आतला भेंड कापायचा, आणि सांधे जोडायला बाभळीचे काटे. धांडा म्हणजे काडी, काटा म्हणजे गाठ. आमच्या गाडीच्या साटीवर कोणी दगड ठेवला की कोणता धांडा आधी वाकेल हे आम्हाला दिसे, मग तिथे तिरपा आधार द्यायचा. तिरपी काडी दिल्याशिवाय चौकोन उभा राहत नाही, ही गोष्ट मी पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाचली तेव्हा मला ती नवी नव्हती. ‘रिग्ज ऑफ रॉड्स’मध्ये पहिली गाडी बांधणारी आमची पोरे चौकोनी सांगाडा करून सोडून देत आणि तो कोलमडून पडे. मी शेतातून धांडे आणायला लावले. अलीकडे संकरित ज्वारी आखूड आणि पेराही कमी, त्यामुळे चांगला धांडा मिळवायलाच दोन दिवस गेले. दोघा-तिघांना तर बाभळीचा काटा तोडताना रक्त आले, ते त्यांनी आईला खेळामुळे आले म्हणून सांगितले.

परदेशात या खेळांचे हौशी लोक वीस-पंचवीस वर्षे नव्या वाटा आणि नव्या गाड्या करीत राहिले आहेत. ‘मॉन्स्टर ट्रक मॅडनेस’ बनवणारी कंपनी २०१३ मध्ये बंद पडली, तरी त्याच्या दुसऱ्या भागासाठी लोकांनी स्वतः रचलेल्या धावा काही थांबल्या नाहीत. आपल्याकडे हे थोडे उशिरा आले, पण आले. इंडोनेशियात २०१७ मध्ये निघालेल्या बसच्या एका खेळात आपल्या पोरांनी लालपरी चितारून घातली, तिच्यावर बुलडाणा आगाराची पाटी लावली. पटाचे मैदान पुन्हा भरू लागल्यापासून तिथे उभी राहून मोबाइलवर चित्रफिती काढणारीही हीच पोरे आहेत. काठी, चाबूक आणि विजेचा झटका यांना आता बंदी आहे, तेव्हा धुरकऱ्याला जोडी निव्वळ आवाजावर आणि कासऱ्यावर पळवावी लागते. ते पाहून एकाने मला विचारले की बैलाची धाव गाठी-काड्यांत बसवता येईल का. मी म्हटले, चाक सोपे आहे, पाय कठीण. तो म्हणाला, मग आधी वाट करतो.

त्याप्रमाणे त्याने राजूर घाट घेतला आहे, आमच्या बुलडाण्याहून मलकापूरकडे उतरणारा. उंचसखलपणाची मापे त्याला फुकट मिळाली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची रडारने मोजली होती, ती आकडेवारी आता कोणालाही घेता येते. पण ती तीस मीटरवर एक माप अशी आहे. त्यात घाटाचा उतार येतो, वळणावरचा खड्डा येत नाही. तो मोटारसायकलवर फीत बांधून वळणे मोजत फिरतो. वरची वळणे झाली आहेत, डांबरी रस्ता झाला आहे, बिबट्या दिसतो म्हणतात ती झाडीही त्याने लावली आहे. घाट उतरल्यावर डावीकडे एका शेताला जाणारी पांदण त्याला करायची आहे. चाक किती बोटे रुतते, किती वजनाला रुतते, ही मापे वाळल्या वाटेवर मिळत नाहीत, म्हणून तो मृगाची वाट पाहतो आहे. मोजायला लागणारी काठी त्याने तयार ठेवली आहे. बाभळीचीच आहे.